घोंगडी पलटणीतला जास्तीचा गडी

चौसाळ्याहून डोंगराच्या अंगानं दोन कोस आत आलं, की आमच्या गावाच्या तोंडालाच पत्र्याचं एक लांबोडकं शेड लागतं. त्याच्यावरच्या पाटीत 'मेंढपाळ सहकारी' एवढी अक्षरं शिल्लक आहेत, बाकीची गंजानं खाल्ली. संस्था कधीच बसली. लोकर तोलायचा काटा कुणीतरी नेला, कातरायच्या कात्र्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. रखवालदार तेवढा राहिला, कारण त्याला कुणी जा म्हणालं नाही. त्याचं नाव धुळाजी.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांच्या ट्रका याच शेडापुढं भरतात. भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढेस्तोवर अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसात धुळाजी पायरीवर बसून पलटणीचा इतिहास सांगायचा. पोती बांधता बांधता बायामाणसं ऐकायची, कारण दुसरं करायला काही नसायचं, आणि सांगणारा लई ताकदीचा होता.

"घोंगडी पलटण उभी राहिली तिकांड्याच्या, म्हंजी मृगातल्या तीन चांदण्यांच्या, मधल्या चांदणीवर," तो सुरू करायचा. "दुष्काळाचं सातवं साल. चाकरी न्हाई, चारा न्हाई. तीनशे गडी उठले आन् म्हनले, ज्याला लढाया मानूस पायजे त्याच्यासाठी लढू. लोखंडाच्या जहाजात बसले. दोन चांदण्यांच्या मधी जो अंधार हाय ना, तिथली थंडी अशी की श्वास गोठून मिशीला लटकतो. म्हनून दर गड्याच्या खांद्यावर काळी घोंगडी. तिच्यावरून नाव पडलं."

पलटणीचे कायदे तीन होते. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी करायची नाही. पाण्यावर पहारा दिला तरी तहानलेल्याला अडवायचं नाही. आणि कूच करायच्या आधी मोजणी करायची.

दुसऱ्या कायद्यापायी पलटण एकदा देशोधडीला लागली. खाटल्याच्या, म्हणजे सप्तर्षींच्या, सात चांदण्यांवर एकाच राजाचं राज्य होतं आणि सातही ठिकाणचं पाणी त्यानं एकाच हौदात कोंडलं होतं. त्या हौदावर पलटण पहाऱ्याला लागली. समोरून दुश्मन आला तो हंडे घेऊन आला. पलटणीच्या जमादारानं हंडे बघितले, तलवार म्यान केली आणि फाटक उघडलं. राजानं सातही चांदण्यांवर दवंडी पिटली की घोंगडीवाल्याला कुणी उतरू देऊ नये. तेव्हापासून पलटण घराकडं निघाली आहे, आणि वाट सापडत नाही.

"आन् मोजनी?" नवं कुणी असलं की विचारायचं.

"मोजनीत एक गडी कायम जास्त. लढाईत चाळीस पडले, तर किती उरले पायजेत?"

"दोनशे साठ."

"मोजले तर दोनशे एकसष्ट. खाटल्याच्या राजानं मोजाया मानसं बसवली. ती मोजून मोजून येडी झाली. त्यो जास्तीचा गडी दिसत न्हाई, पर मोजनीत हाय."

"कोन हाय मग त्यो, काका?"

"त्ये मी न्हाई सांगनार. ज्याला ठावं हाय त्यो तिकडं हाय, तुमी चाललाव तिकडं. कुनी ही गोष्ट सांगताना घावलं तर पुढचं इचारून या."

टोळ्या जायच्या. चैत्रात परत यायच्या तेव्हा धुळाजी मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत सामोरा जायचा. ट्रका तिथं चहाला थांबत. ख्यालीखुशाली विचारण्याआधी त्याचा सवाल ठरलेला. "पुढचं कुनी सांगितलं का?"

"सांगितलं ना," मुकादम सुग्रीव म्हणायचा. हा मोठा टवाळ माणूस. "तुमची पलटन यंदा आमच्याच कारखान्यावर हुती. दोनशे साठ गडी मोळ्या बांधायला, आन् त्यो जास्तीचा नुसता बिड्या ओढत बसलेला. मपल्याच टोळीत हाय की काय म्हनलं."

लोक हसायचे. धुळाजीही हसायचा. "न्हाई बे सुग्रीव. ती पलटन येगळी."

कुणी कुणी त्याला बरं वाटावं म्हणून खरंच काहीतरी रचून आणायचे. तो ते सगळं मन लावून ऐकायचा आणि नकाराची मान हलवायचा. घरी त्याची बायको भामाबाई म्हणायची, "चाळीस वरसं तीनशे गडी मपल्या घरात जेवायलेत. एकानं कधी ताट उचललं न्हाई."

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं आणि पोरांना नव्हतं.

धुळाजीला एक धाकटा भाऊ होता, बंकट. माणसं चंद्रावर उतरल्याची बातमी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर लागली, तेव्हा दोघं डोंगरावर मेंढरं राखत होते. संध्याकाळी त्यांना ती कळली. बापाकडून त्यांनी निजामाच्या वेळच्या भाडोत्री रोहिल्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. ज्याचं मीठ त्याच्यासाठी लढणारी ती माणसं होती. बंकट म्हणाला, चंद्रावर मानूस ग्येला म्हनजे भांडन बी जानार, आन् भांडन ग्येलं म्हनजे रोहिले लागनार. झालं. त्या दिवसापासून दोघा भावांनी घोंगडीवर उताणं पडून पलटण उभी केली. आज एकानं लढाई सांगायची, उद्या दुसऱ्यानं तिथून पुढं न्यायची.

जास्तीचा गडी बंकटचा. आमच्याकडं धान्य मापताना, मेंढरं मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजायचं. बंकट लहानपणी मेंढरू पुढं जायच्या आधीच लाभ म्हणायचा, मग पहिल्या मेंढराला एक म्हणायचा, आणि शेवटी तो लाभही मोजणीत धरायचा. लाभ, एक, दोन. त्यामुळं त्याच्या मोजणीत मेंढरू कायम एक जास्त भरायचं. असंच एकदा कोकरू डोंगरात राहिलं आणि बंकटच्या मोजणीनं कळप पुरा निघाला. बापानं कानाखाली काढली. दोघं भाऊ उलट्या पावली गेले, तर कोकरू एका बोरीच्या जाळीत अडकून बसलेलं. ते खांद्यावर घेऊन उतरताना बंकट म्हणाला, "मी चुकलो न्हाई. मी त्याची जागा धरून ठिवलती."

मग पलटणीतही तसंच ठरलं. लाभ म्हणजे मागं राहिलेला. आधी त्याची जागा धरायची, मग हजर असलेले मोजायचे. आणि ही गोष्ट दोघांशिवाय कुणाला सांगायची नाही.

बहात्तरच्या दुष्काळात संस्था नवी होती. संस्थेनं ठरवलं की सगळ्यांनी आपली मेंढरं शेडात आणावीत, चारा एकत्र येईल, वाटून घालू. धुळाजी वीस वर्षांचा होता, त्याला ते पटलं. बंकट सतरा वर्षांचा. तो म्हणाला, "मेंढरू चालतंय दादा, शेड चालत न्हाई. पानी असंल तिकडं जाऊ."

"मंग तू जा की एकटा," धुळाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला बंकट तीन विसा, म्हणजे साठ मेंढरं घेऊन मावळतीकडं गेला. शेडातल्या मेंढरांना चारा आला तो उशिरा आला. तोवर बरीच मेली होती. जी उरली त्यांची राखण करायला धुळाजी बसला, तो बसलाच. बंकट परत आला नाही. आधी एक वर्ष, मग दोन, मग बाप गेला तरी नाही. तोंडानं 'जा' म्हटलं होतं, त्यामुळं शोधत फिरायला धुळाजीला तोंड नव्हतं. त्यानं पलटण पाठवली.

गेल्या मोठ्या दुष्काळात, म्हणजे दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात, शेडात जनावरांच्या छावणीचा चारा भरला होता. टोळ्या लवकर परतल्या होत्या. चंद्रभागाबाई म्हणून ऊसतोडीवाली एक बाई आपली गाय घेऊन छावणीत आली आणि दावं मागायला धुळाजीकडं गेली. धुळाजी दावं वळतच होता. ती आपलं इकडचं तिकडचं बोलत बसली.

"कृष्णाकाठाला एका रानात मेंढरं बसवलती खतासाठी," ती म्हणाली. "बाईच राखीत व्हती. सांजच्याला वाघरीच्या जाळीत मेंढरं घालताना मोजायली, लाभ, एक, दोन. मी हासले. म्हनलं बाई, तुपलं चुकलं, एक जास्त हुतंय. तर म्हनती, चुकलं न्हाई, पहिला मागं राहिलेल्याचा."

धुळाजीचे हात थांबले.

"मी म्हनलं कोन मागं राहिला? तर म्हनती, पलटनीतला गडी. तवा मला तुमची याद आली, भाऊजी."

"तिला कुनी शिकवलं?"

"आबानं म्हनली."

"आबा हाय का?"

चंद्रभागाबाईनं जरा आठवून बघितलं. "त्ये न्हाई इचारलं बया. आमची मोळी बांधायची राह्यलती."

"नाव तरी?"

"तिचं अंजना. आबाचं न्हाई माहीत."

धुळाजीनं म्हणे अर्धं वळलेलं दावं तसंच खाली ठेवलं. मग उठून घरी आला आणि भामाबाईला म्हणाला, "पुढचं आलं." भामाबाई भाकरी थापत होती. तिनं परातीतले हात तसेच ठेवले आणि ती रडली. चाळीस वर्षं टोमणे मारणारी बाई.

लगेच निघावं तर मेंढरांचा तो कळप आता कुठं असेल कुणाला माहीत. सुग्रीवच्या खिशात दोन फोन होते, पण त्या बाईचा नंबर दोन्हींत नव्हता. मेंढपाळ वरसाच्या वरसाला त्याच वाटेनं फिरतात, कार्तिकात परत त्याच रानात येतात, एवढंच नक्की होतं. धुळाजीनं सहा महिने काढले. त्या उन्हाळ्यात छावणीतल्या लोकांनी पलटणीबद्दल विचारलं तर तो म्हणायचा, "सध्या मुक्काम हाय."

दसरा झाला, ट्रका लागल्या, आणि पायरीवर बसायचं सोडून धुळाजी गाठोडं घेऊन ट्रकेत चढला. सुग्रीव खाली उभा राहून बघत होता. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता.

"काका, तुमचा तर पाव कोयता बी व्हायचा न्हाई. कावून चढलाव?"

"मोजू नको मला. मी जास्तीचा हाय."

या वेळी सुग्रीव हसला नाही. त्यानं वर हात करून म्हाताऱ्याला पोत्यांवर नीट टेकायला जागा करून दिली.

रान चंद्रभागाबाईनं दाखवलं. कार्तिक उलटून बारा दिवस झाले तरी ते मोकळं होतं. ऊस तुटला होता, पाचट पसरलं होतं. धुळाजी दिवसभर टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांपाशी, बसून लेकरं राखायचा आणि दिवस कलला की बांधावर जायचा. तेराव्या दिवशी तो गेला तर जाळीची वाघर ठोकलेली होती. पस्तिशीच्या आसपासची एक बाई तिच्या तोंडाशी उभी होती. खांद्यावर काळी घोंगडी, कमरेत पदर खोचलेला.

ती म्हणाली, "लाभ."

अजून एकही मेंढरू आत गेलं नव्हतं. ती जरा थांबली.

"हाय," धुळाजी मागून म्हणाला.

तिची मान वळली नाही. खांदे तेवढे ताठ झाले. मोजणी सुरू झाली की तोडायची नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं. एक, ती म्हणाली, आणि पहिलं मेंढरू आत गेलं. दोन. तीन. नऊ विसांच्या वर मेंढरं होती. चाळीस वर्षांचा प्रश्न तोंडात धरून धुळाजी एकेक मेंढरू आत जाताना बघत उभा राहिला. शेवटचं लंगडं कोकरू तिनं उचलून आत टाकलं, वाघर बांधली, आणि मग ती वळली.

"धुळाजीकाका का?"

त्यानं मान डोलावली.

"आबा गेलं. येत्या संक्रांतीला दोन वरसं होतील."

धुळाजी बांधावर खाली बसला. ती पाणी घेऊन आली, त्याच्याजवळ टेकली, आणि विचारलं नव्हतं तरी सांगत राहिली. पहिल्याच वर्षी मेंढरं रोगानं गेली. तीन विसा घेऊन निघालो, तीन विसा घेऊनच जाईन, असं आबा म्हणायचे. ती व्हायला बारा वर्षं लागली. तोवर त्यांचे वडील गेल्याचं कळलं होतं. मग आज जाऊ, उद्या जाऊ.

"मला रोज पलटनीचं सांगायचं," अंजना म्हणाली. "ती हौदाचं फाटक उघडती, आन् मग घराकडं निघती. मी इचारायची, पोचली का? तर म्हनायचं, त्ये दादाला ठावं हाय. पोचली का वो, काका?"

धुळाजीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. पुढचं बंकटला ठाऊक असणार, याच भरवशावर त्यानं चाळीस वर्षं काढली होती.

"मला न्हाई ठावं, पोरी," तो म्हणाला.

त्यानंतर दरसाल कार्तिकात तो त्या रानात जातो. गावात असतो तेव्हा शेडाच्या पायरीवर बसतो, पण आता पुढचं कुणाला विचारत नाही. टोळीतली माणसं सांगतात, की तिकडं मोजायचं काम अंजना त्यालाच देते. म्हातारा वाघरीच्या तोंडाशी उभा राहतो आणि लाभ म्हणतो. मग थांबतो. पुढच्या मेंढरांना मागची रेटतात, कुत्रं उगाच भोवती फिरतं, अंजना पलीकडून बघत असते. बराच वेळ जातो.

मग तो एक म्हणतो.