सोडणार नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय, ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

दोन हजार तीन-चार साल असेल. बँकेतल्या बदलीने नाशिकहून चेन्नईला आलेली मी, वेस्ट मांबलममध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट, तमिळ यथातथाच. रविवार खायला उठायचा. त्यात चंद्रूची ओळख झाली. आठवडाभर कॉम्प्युटर कंपनीत राबायचा आणि रविवारी पदरमोड करून सिनेमे काढायचा — संकटांवर मात केलेल्या माणसांचे. एक पाय नसलेला पोहणारा, आंधळी शिक्षिका, असे. शेवटी सगळे हसरे. लोक डोळे पुसत बाहेर पडायचे आणि समोर फिल्टर कॉफी प्यायचे. मलाही आवडायचं ते. दुसऱ्याचं दुःख तासाभरात आटोपतं — आणखी काय हवं?

तुळजाक्का मीच त्याला शोधून दिली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचा एसटीडी बूथ होता. चाकांच्या खुर्चीत बसून चालवायची. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातली, तमिळ हेल काढून मराठी बोलायची. जिन्यात पाय घसरून कंबरेखालचं अंग गेलं, असं सगळी गल्ली समजत होती. खरं तिने मला एकटीला सांगितलं होतं — नवऱ्याने ढकललं. ढकलून तो गाव सोडून गेला, आणि आता बूथ बरा चालतो म्हटल्यावर परत येण्याचे निरोप धाडत होता.

माझ्यावर तिचा विश्वास होता. आणि जीभ तिखट होती. शूटिंगच्या दिवशी चंद्रूच्या मित्रांवर छाप पाडायला मी तमिळमध्ये काहीतरी बोलायला गेले, तर अक्का सगळ्यांदेखत हसली. मग माझ्या मराठीवर आली. "ही मराठी बोलते का परीक्षा देते?" — आणि हे तमिळमध्ये म्हणाली, म्हणजे सगळ्यांना कळावं. सगळे हसले. मीही हसले.

एवढंच? हो, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर मी ते सगळ्यात आधी सांगितलं असतं.

शेवटी चंद्रूने तिला नवऱ्याबद्दल विचारलं. बूथबाहेर तमिळ शेजारणी उभ्या होत्या. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि कॅमेऱ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "मी त्याला सोडणार नाही. जीव असेपर्यंत सोडणार नाही." आवाज शांत, ओठांवर थोडं हसू. चंद्रूला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. नंतर माझा हात धरून अक्का म्हणाली, "इंग्रजीत नीट लिही गे. चंद्रूच्या ओळखीच्या एक वकीलबाई येणार सिनेमाला. त्यांना कळलं की केस करते."

पडद्याखालच्या इंग्रजी ओळी माझ्याकडे होत्या. मराठीत 'सोडणे' एकच. इंग्रजीत दोन वाटा — माफ करून सोडणे वेगळं, साथ सोडणे वेगळं. मला गोंधळ झाला का? मुळीच नाही. मी दोन्ही वाक्यं कागदावर लिहून बघितली. पहिलं वाचलं, तर सिनेमा कडू संपत होता. दुसरं वाचलं, तर टाळ्या ऐकू येत होत्या, आणि शेवटी माझं नाव. मग ते हसणं आठवलं. दुसरं लिहिलं — मी त्याची साथ कधीच सोडणार नाही. लिहिताना मला मजा वाटली. हे सांगायला सगळ्यात जड जातंय — मजा वाटली.

चंद्रू तर उडालाच. असा शेवट त्याला मागून मिळाला नसता.

सिनेमा लागला त्या दिवशी अक्का कोरी कांजीवरम नेसून पुढे बसली होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते वाक्य आलं आणि सबंध हॉल उठून उभा राहिला. बायका तिच्यापुढे हात जोडून गेल्या. वकीलबाईंनी तिला मिठी मारली. ती रडत होती, हसत होती. माझा दंड दाबून म्हणाली, "अस्क्यांस, सगळ्यांस कळलं गे. सगळे माझ्या बाजूने." मी मान डोलावली.

आठवड्याने ती वकीलबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, एवढ्या लोकांसमोर तुम्ही साथ न सोडण्याचं बोललात, आता ढकललं म्हणता. समोरचा वकील हाच सिनेमा लावून दाखवेल. घरी जा, नांदा. नवऱ्यालाही कुणीतरी सिनेमाचं सांगितलं होतं. तो हार घेऊन आला. गल्लीने त्याचं कौतुक केलं.

महिन्याभराने मी फोन करायला गेले तर बूथमध्ये तो बसला होता. अक्काची खुर्ची आत, स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीकडे तोंड करून. खुर्चीची चाकं त्याने काढून ठेवली होती. जागा अडते म्हणे. तिच्या मनगटावर काळंनिळं होतं. तिने मला वाकायला सांगितलं आणि हळूच विचारलं, "त्या दिवशी काय लिहिलंस गे?"

"तुम्ही बोललात तेच, अक्का. शब्दाला शब्द."

तिने मान हलवली. "सेरी, बरं. म्हणजे त्या वकीलबाईंसच इंग्रजी येत नाही."

"नसेल येत," मी म्हणाले.