खडूची फुली
माझा साडू रंगकामात माझ्यानंतर दहा वर्षांनी आला. कानामागून आला आणि तिखट झाला, दुसरं काय. जुना रंग चढलेल्या विटा मी खरवडायच्या, तारेच्या ब्रशने घासायच्या, धुवायच्या, वाळू द्यायच्या, मग प्रायमर मारायचा. वरून शेवटचा हात हा फिरवणार आणि लोक म्हणणार, "काय रंग लावलाय!" माझी बायकोसुद्धा म्हणायची, "धाकटीच्या नवऱ्याच्या हाताला यश आहे हो." जळायचो मी. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी ठेकेदाराने एका छापखान्याची जुनी भिंत आम्हाला अर्धी-अर्धी दिली. "ज्याचं काम टिकेल तो मुकादम," म्हणाला. माझे गुडघे गेले होते, शिडी झेपत नव्हती. मुकादमकी मिळाली नसती तर घरीच बसायची पाळी होती.

आमच्यात एक रीत होती. धुतलेल्या विटांना मी गाल लावून बघायचो. ओल लागली की तिथे खडूने फुली. फुली असेपर्यंत प्रायमरचा डबा कुणी उघडायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सवयीने साडूच्या भागालाही गाल लावला. खालचे चार थर गारढोण. वरचा पन्हाळ गळत होता आणि पाणी आतून उतरत होतं. मी खिशात हात घातला. तेवढ्यात शिडीवरून साडू हसत म्हणाला, "दादा, चहा सांगू?" ते हसणंच डोक्यात गेलं. "सांग," म्हणालो. खडू खिशातच राहिला.

दोन महिन्यांत त्याच्या रंगाला फोड आले, पापुद्रे सुटले. ठेकेदाराने सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्याने केली. मी मान खाली घालून ब्रश धूत होतो, आता हा माझं नाव घेणार म्हणून.

त्याने घेतलंही. "दादांनी गाल लावला होता, फुली नव्हती. म्हणजे भिंत कोरडीच होती. नंतर कुठून पाणी मुरलं, ते बघायचं काम माझं. दादांचा गाल चुकत नाही."

मुकादमकी मला मिळाली. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "धाकटीचा नवरा आहेच तसा. सगळं स्वतःवर घेतो." इथेही त्याचंच कौतुक. तिला खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण ते ऐकून मी गप्प बसलो. अजून सांगितलेलं नाही.