आईची पूजा व्हायचीय

आमच्या घरातल्या लेकरांना धड बोलता येण्याआधी गप्प बसायला शिकवतात. मोठं माणूस गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसलं की त्याला हाक मारायची नाही, अंगाला हात लावायचा नाही, आणि पूजा उरकून ते उठेपर्यंत जेवायचं नाही. लेकरांना तोवर दूध चालतं. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळं भाचीला हे शिकवायचं कामही हौसेनं माझ्याकडंच घेतलं होतं. बारसं, गळ्यात लिंग बांधणं, लग्न, सगळं तिला बाहुलीवर करून दाखवलं होतं. मरण तेवढं राहिलं. एवढ्याशा पोरीला ते कशाला, असं मला वाटायचं.

मग तापाचं निमित्त होऊन माझी भावजय, म्हणजे भाचीची आई, गेली. आमच्यात माणसाला आडवं निजवून नेत नाहीत. तिला मांडी घालून बसवली, कपाळभर भस्म लावलं, डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं आणि लोहारा गावाबाहेरच्या आमच्या रानात तशीच बसती मातीआड केली. पोरगी बापाच्या कडेवरून बघत होती. आईला काय झालंय, असं तिनं विचारलं, तेव्हा बायकांतलं कोणीतरी चटकन म्हणालं, "पूजेला बसलीय, बाळा." सगळ्यांना हायसं वाटलं. मलासुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी जेवेना. धसका घेतला असेल असं आम्हाला वाटलं. दूध घटाघटा प्यायची, भाकरी पुढं केली की तोंड मिटून घ्यायची. रडणं नाही, हट्ट नाही. घरभर चवड्यांवर चालायची. कुकरची शिट्टी झाली की दचकून खाली जमिनीकडं बघायची. शेजारचं एक पोर दारात ओरडलं, तर ही ओठांवर बोट ठेवून त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. ते पोर पळून गेलं, पुन्हा आलं नाही. हळूहळू आम्हीही कुजबुजायला लागलो. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. भर दुपारी, भरल्या घरात साध्या भांड्याचा आवाज होत नव्हता.

एकदा ती स्वयंपाकघरातल्या फरशीला कान लावून पडलेली दिसली. मी चिडलेच.

"ऊठ आधी! काय ऐकतीस?"

"हळू बोल की, आत्या. आईची पूजा व्हायचीय."

"म्हणून जेवत न्हाईस व्हय?"

वर्गातल्या ढ पोराकडं मी बघते, तसं तिनं माझ्याकडं बघितलं. "आई उठल्याबिगर कसं जेवायचं?"

पोरीनं शिकवलेलं सगळं चोख पाळलं होतं. तिचे गाल बसले होते, मनगटाची हाडं दिसायला लागली होती, आणि आम्ही तिच्या अंगावरून मीठमोहऱ्या उतरवत बसलो होतो. भाऊ दारातच उभा होता. "अक्का, नको सांगू," एवढंच तो म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला, कारण मलाही सांगायचं नव्हतं.

मी तिला मांडीवर घेतलं. "बाळा, आई पूजेला न्हाय बसली. आई मेली. मेलेल्या माणसाला आपण तसं बसवतो. ती आता उठणार न्हाय. कधीच न्हाय."

रडेल म्हणून मी तिला घट्ट धरून ठेवलं. ती रडली नाही. फरशीकडं बोट दाखवून तिनं विचारलं,

"हे आईला सांगितलं का कुणी?"

"न्हाय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग ती तशीच बसून असंल की."

ऊन उतरायच्या आत आम्ही तिघं रानात गेलो. वारा पडला होता. पोरगी मातीपाशी उकिडवी बसली. पूजेला बसलेल्या माणसाला हाक मारायची म्हणजे तिला मोठं धाडस होतं. दोनदा तोंड उघडून तिनं मिटलं. मग वाकून म्हणाली, "आई, तू मेलीस." आणि मातीला कान लावला. भाऊ श्वास रोखून उभा होता. खोटं कशाला बोलू, मीही ऐकत होते. कितीतरी वेळ ती तशीच पडून राहिली. मला तिला ओढून उठवावंसं वाटत होतं आणि हात पुढं होत नव्हता.

शेवटी ती उठली. कानाला लागलेली माती तिनं पुसली.

"कळलं तिला," ती म्हणाली. मग मोठ्यानं, अगदी पहिल्यासारखं ओरडून म्हणाली, "आत्या, लई भूक लागलीय!"

तो आवाज ऐकला आणि इतक्या दिवसांत एकदाही न रडलेला माझा भाऊ तिथंच ढेकळांत बसून रडायला लागला.