साहेबाच्या खापरपणजोबाची आई

आमचा साहेब इंग्रज. त्याचा खापरपणजोबा राणीच्या आरमारात मिडशिपमन होता, म्हणजे पुढे अधिकारी व्हावं म्हणून जहाजावर धाडलेलं तेरा-चौदा वर्षांचं पोरगं. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या शिपिंग ऑफिसात त्या पोराची तसबीर रिसेप्शनला आणि खानदानाची वंशावळ पँट्रीत. चहा ओतायला जावं तर समोर ह्याच्या मेलेल्या आत्या! त्या घराण्याची जुनी पत्रं टाइप करणं माझ्या गळ्यात पडलं होतं. माझं खरं काम खलाशांच्या बदल्या बघण्याचं, पण ते डोंबलाचं कोण विचारतो?

एका पत्रात पोराला आई गेल्याचं सात महिन्यांनी कळतं. तोवर त्यानं तिला चार पत्रं लिहिलेली, मुरंबा पाठव म्हणून. हे वाचून साहेबाचे डोळे भरून आले. "सात महिने! काय रानटी काळ होता!" मी टिश्यूचा डबा पुढे केला.

त्याच आठवड्यात गुहागरहून फोन आला. आमच्या जहाजावर इंजिनाचं तेलपाणी बघणाऱ्या एका ऑइलरची आई गेली होती. जहाज भर समुद्रात, निरोप जाणार तो ऑफिसातूनच, म्हणून त्याचा भाऊ कळवळून सांगत होता. मी साहेबाकडे गेले.

"जहाज फुजैरा बंदराला पोचेपर्यंत सांगू नका. बदली माणूस नाही, उगाच खचेल. खलास!" डोळे ठणठणीत कोरडे. किळस आली मला त्याची. आणि मी तरी कुठली शूर! व्हिसा कंपनीचा, 'ओके सर' म्हणून जागेवर येऊन बसले.

आमच्याकडे खलाशाचा वाढदिवस जहाजावर केक कापून होतो आणि फोटो ऑफिसला येतो. त्या दिवसांत ह्या ऑइलरचाही आला. डोक्यावर कागदी टोपी, गालाला क्रीम, तोंडभर हसू. मी रिवाजाप्रमाणे 'हॅपी बर्थडे'चा मेल केला आणि फोटो बोर्डावर लावला, तसबिरीच्या शेजारी.

फुजैराला तो लाँचमधून उतरला तेव्हा सांगायला साहेब थोडाच येणार? मीच गेले, धक्क्यावरच्या बाकावर बसवून सांगितलं. तो रडला नाही.

"कधी?"

मी तारीख सांगितली. तो बोटांवर दिवस मोजत राहिला, एकदा मोजून पुन्हा मोजले. मग माझ्याकडे बघून म्हणाला,

"म्हणजे आईच्या दहाव्याला मी केक कापला, मॅडम. तुमचा मेल आला होता."