वायर बदलल्याबिगर

जुन्या रेडिओच्या ट्यूबा तापल्या की गरम धुळीचा वास सुटतो आणि मला साकोलीचं ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवतं. दुरुस्त केलेला रेडिओ खणखणीत वाजत होता, नवरा उचलायलाच निघाला. मला मात्र वायरच्या कुजलेल्या कापडी वेष्टणातून उघडी तार दिसली. “वायर बदला,” मी म्हणाले. मेकॅनिक नवऱ्याकडे बघून हसला. “वाजून राहिला नं भाऊ, बाईले काय समजते?” मी स्टुलावर बसकण मारली. “वाजते ते मलेबी ऐकू येते. वायर बदलल्याबिगर मी उठत नाही.” आमच्या गावची, एकोडीची बस डोळ्यांदेखत गेली, तरी उठले नाही. शेवटी मेकॅनिकनं नवी वायर टाकली. नवरा आजही पाहुण्यांना सांगतो, “रेडिओ म्या पारखून आणला.” सांगू दे. शॉकच्या भीतीनं रेडिओची पिन बोर्डात लावायला मात्र तो अजून मलाच हाक मारतो.