महाराजांचा मुक्काम

आमच्या गावात सप्ताहाला महाराज आले की ते कोणाच्या घरी उतरणार हे पाळीनं ठरतं. ज्याच्या घरी मुक्काम, त्याच्या अंगणात आठवडाभर मांडव, चहाचा रगाडा आणि दर्शनाला रांग. पुण्याचं भाड्याचं घर सोडून आम्ही नवऱ्याच्या गावी येऊन राहिलो, तेव्हा मला वाटायचं, हा मान एकदा आपल्याकडं आला की आपण खरे गावातले झालो. नवरा जेसीबी चालवतो, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. तेव्हा सप्ताहाच्या मंडळींकडं जाऊन पाळी मागून आणली ती मीच. अंगण सारवलं, नवी सतरंजी आणली, आणि उगाच चार बायकांना बोलावून ती दाखवलीही.

महाराज दरवर्षी तेच यायचे. गोड बोलायचे. कीर्तनात बायकांना रडवायचे आणि जेवताना हसवायचे. "ताई, तुमच्या ठेच्यानं माझा आवाज बसला तर आज कीर्तन तुम्हालाच करावं लागंल," असं म्हणाले होते. मी हसले होते. त्या हसण्याची मला आजही चीड येते. सकाळी त्यांच्या पायावर पाणी घालायचं काम घरातल्या लेकीचं. माझी लेक तेव्हा सातवीत होती. ते पाणी तीर्थ म्हणून कसं घ्यायचं, हे मी तिला हाताची ओंजळ धरून शिकवलं.

सप्ताह अर्ध्यावर आला आणि एका सकाळी ती गोठ्यात जाऊन बसली. "मी न्हाई पाणी घालणार," म्हणाली. मी विचारलं, कावून? मग तिनं सांगितलं. काय सांगितलं ते तिचं आहे, ते मी इथं लिहिणार नाही. मध्ये एकदाही मी तिला 'खरं का' असं विचारलं नाही, एवढं मात्र लिहिते.

महाराजांची बॅग, शाल, सोवळ्याचा तांब्या, सगळं मी अंगणात फेकलं. गाव जमलं. महाराज वर पाहत नव्हते, जपमाळ ओढत होते. एक जाणते गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं लगीन करायचंय का न्हाई?" मी म्हटलं, मूठ माझी आहे, उघडायची का नाही ते मी बघते.

लेकीला घेऊन मी मिशनच्या दवाखान्यात गेले. तपासायला बाई डॉक्टर जवळपास दुसरीकडं कुठं नव्हती. तिथली डॉक्टर सिस्टर, म्हणजे नन, केरळची, मराठी तोडून तोडून बोलायची. तिनं आधी लेकीला विचारलं, "मी हात लावू का?" लेक हो म्हणाली, तेव्हाच तपासलं. नंतर बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, "आमच्या चर्चमध्ये पण झालं आहे. फादरची बदली करतात. दुसऱ्या गावात पण मुलं असतात ना?" स्वतःच्या धर्माबद्दल इतकं उघड बोलणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. तिनं तपासणीचे कागद दिले, नवरा रात्रीत आला, आणि आम्ही तक्रार दिली. दोन महिन्यांनी सिस्टरचीच बदली झाली. त्यांच्यात तशी पद्धतच असते म्हणे. पण मला फार एकटं वाटलं.

महाराजांना अटक झाली, मग जामीन झाला. आता ते दुसऱ्या जिल्ह्यात कीर्तनं करतात. गावातले म्हणतात, "इकडं तर येत न्हाईत ना आता? मिटलं की मग." केस चालू आहे. बीडला तारखेला जायचं, दिवसभर बाहेरच्या कट्ट्यावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन यायचं.

वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, त्यामुळं आम्हाला कोणी वाळीत टाकलेलं नाही. फक्त गिरणीत माझा डबा सगळ्यांच्या आधी दळून मिळतो. मान म्हणून नाही, मी लवकर निघावं म्हणून. हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्या दारापर्यंत येता येता वाट विसरतं. लेकीच्या मैत्रिणी शाळेत बोलतात, वाटेत बोलत नाहीत. नवरा फोनवर विचारतो, "बरं हाय ना?" मी म्हणते, "लई बरं हाय." आणखी काय सांगणार? मला गावाकडून दुसरं काही नको होतं. माझी पोरगी खोटं बोलली नाही, एवढं एका तरी माणसानं म्हणावं.

यंदाच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी घरोघरच्या भाकरी गोळा करायला ट्रॅक्टर फिरला. मी भाकरी केल्या नव्हत्या, तरी दारात उभी राहिले. ट्रॅक्टर आमच्या घरापाशी हळू झाला नाही.

दुपारी सगळं गाव पंगतीला गेलेलं असताना शेजारीण मागच्या दारानं आली. तिची मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची. पदरात काल्याचा प्रसाद होता, तो तिनं माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुझी पोर खरं बोलली. मला ठाव हाय."

मला रडूच आलं. मी तिचा हात धरला. मग सावकाश डोक्यात शिरलं, तसं विचारलं, "तुला कसं ठाव?"

"तुझ्या आधीच्या साली आमच्याकडं मुक्काम होता. त्या हप्त्यात मी माझ्या पोरीला मामाकडं धाडलं होतं. मुक्कामाची पाळी आली की समदेच पोरींला बाहेर धाडतात."

"मग मला कावून न्हाई सांगितलंस?"

ती पदराला लागलेल्या लाह्या वेचू लागली. "तू लई हौसेनं मागून घेतली होतीस पाळी. आन् मला वाटलं, तुला कोणी तरी सांगितलं असंल."

ती आली तशी मागच्या दारानं गेली. लेकीनं आतून विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, "शेजारची मावशी. तू खरं बोललीस म्हणत होती."

"कोर्टात म्हणंल का?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली, आणि मागच्या दाराची कडी लावून आली.