फोन एकदाच येतो

मोटीबेन फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. नवा फोन तपासायचा असला, तरी थेट विचारत, “जेवायला काय केलंय?” समोरून “बोंबलाचं कालवण” असं उत्तर आलं की फोन ठीक. “दीकरा, हॅलोला हॅलो कोणीही म्हणतं. उत्तर आलं म्हणजे त्याला ऐकू गेलं,” असं मला समजावत. मी कॉम्प्युटर शिकलेला माणूस, मला ते सुरुवातीला निव्वळ खूळ वाटायचं.

डहाणूजवळ मसोलीत आमच्या संस्थेचं फोनकेंद्र होतं. तलासरीपर्यंतच्या पाड्यांवरून कुणा बाईला कळा सुरू झाल्याचा फोन आला की गाडी पाठवायची. मोटीबेन केंद्राच्या प्रमुख आणि मी फोनची यंत्रं सांभाळणारा. त्यांच्या घरात गुजराती, कचेरीत मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. फोन घ्यायला तिघी बायका होत्या. भाड्याची जागा सुटून यंत्रांपुरती एक खोली उरली, तेव्हा तिघींनी घरून, इंटरनेटवरून फोन घ्यायचं ठरलं आणि तिथेच माशी शिंकली.

तिघींतल्या वरोरच्या सुनीताला एका सकाळी फोन आला. तिला माणसाचा आवाज स्वच्छ येत होता, तिचा त्याला जात नव्हता. “ताई, बोल ना... कोण हाय का?” एवढं म्हणून त्याने ठेवून दिला. उलट लावावा, तर लागेना. त्या बाजूच्या कितीतरी पाड्यांत रेंज फक्त टेकडीवर मिळते. माणूस चढतो, बोलतो, उतरतो, आणि उतरला की संपलं. त्याच्या घरच्या अडलेल्या बाईला शेवटी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं. बाळ-बाळंतीण वाचली हे नशीब. सुनीता दोन दिवस जेवली नाही.

मुंबईच्या मुख्य कचेरीने कळवलं, महिनाअखेर सुधारणा झाली नाही तर फोन मुंबईतच घेऊ. तिथे आमच्या पाड्यांची नावंसुद्धा कोणाला ठाऊक नव्हती, वारली बोली समजणं दूरच. मोटीबेनना त्या आठवड्यात कोणी चहा विचारायलाही धजत नव्हतं.

उपाय एकच होता, सेशन बॉर्डर कंट्रोलर. कचेरीची फोनव्यवस्था आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मधोमध बसणारं यंत्र. उपटसुंभांना बाहेर ठेवतं आणि दोन्हीकडचे आवाज नीट पोचवतं. मोटीबेन त्याला दरवान म्हणत. पहिला दरवान बड्या कंपन्यांना शोभेल असा होता. घरून बोलणाऱ्या प्रत्येकीमागे दरवर्षी वेगळी फी, म्हणजे तिघींतली एकच परवडली असती. त्याचा विक्रेता जाताजाता म्हणाला, “आणि एखादा कॉल गेलाच, तर लोक पुन्हा लावतात, मॅडम.” मोटीबेननी त्याचा चहा अर्धा असतानाच कप उचलला. “आमच्याकडे फोन एकदाच येतो, भाई.”

दुसरा माझा लाडका, जुन्या कॉम्प्युटरवर चालणारा फुकटचा प्रोग्राम. मसोलीत तो झकास चालला. मोटीबेन म्हणाल्या, “टेकडीवरून बघू.” गुडघे धरलेल्या त्या बाईला मी म्हटलं, मी जातो. “तू लागेपर्यंत लावत बसशील,” म्हणून त्या स्वतःच चढल्या. एकदा फोन लावला, सुनीताने उचलला, त्यांना काही ऐकू आलं नाही, आणि त्या उतरल्या. मी चिडून म्हटलं, “पुन्हा लावायचा ना!” “तो माणूस परत चढला होता का?” त्यांनी विचारलं. मी तो प्रोग्राम काढून टाकला.

तिसरं यंत्र वापीच्या एका विक्रेत्याचं, छोटं, खिशाला झेपणारं. महिना संपत आला होता, चौथं बघायला वेळ नव्हता. मोटीबेन पुन्हा टेकडीवर गेल्या. मी आणि विक्रेता मसोलीत यंत्रापाशी कान लावून बसलो. घंटा वाजली. तिकडे वरोरला सुनीताने उचलला. आवाज मोटीबेनचा नव्हता. घाबराघुबरा पुरुष होता, वारलीत बोलत होता. सुनीताने वारलीतच विचारलं, पाडा कोणता? मग त्याने पाड्याचं नाव सांगितलं. ती एकेक विचारत गेली, तो सांगत गेला, आणि गाडी निघाली.

मोटीबेन दुपारी त्याच गाडीतून, बाईला दवाखान्यात पोचवून आल्या. मनगटावर तिच्या बोटांचे वळ होते. विक्रेता अजून बसूनच होता. “मॅडम, तुमचा टेस्ट कॉल काही आला नाही.”

“टेकडीवर माझा नंबर त्याच्या मागे होता,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या कागदावर सही केली.

मोटीबेन मागच्या वर्षी गेल्या. फोन अजूनही तिघींच्या घरीच येतात. अंत्ययात्रेला मसोली लोटली, टेकडीवरच्या पाड्यांतून माणसं आली. सुनीता तेवढी आली नाही. फोन घ्यायची तिची पाळी होती. ती वरोरला फोनपाशी बसली असेल हे लक्षात आलं, आणि तोवर कोरडा राहिलेला मी तिथेच रडलो.